बदलून जाणारा पाळक, राहणारी मंडळी

लखनौ मेट्रोची गाडी हजरतगंजच्या भुयारातून वर येऊन गोमती ओलांडते आणि ‘विश्वविद्यालय’ या स्थानकानंतर ‘आयटी कॉलेज’ येथे थांबते, तेव्हा प्रवाशांपैकी फारच थोड्यांना हे नाव इसाबेला थोबर्न या अमेरिकन मेथडिस्ट शिक्षिकेचे आहे याची कल्पना असते. १८७० साली अमीनाबादच्या बाजारात अवघ्या सहा मुलींना घेऊन त्यांनी जी शाळा सुरू केली, तिच्यातून १८८६ मध्ये महाविद्यालय उभे राहिले, आणि आज त्या महाविद्यालयाच्या चांदबाग परिसरापलीकडेच निशातगंज, बादशाहनगर व महानगर या वस्त्या पसरलेल्या आहेत. यांतील महानगर ही स्वातंत्र्योत्तर काळात वाढलेली, सरकारी नोकरदार, प्राध्यापक, डॉक्टर आणि निवृत्त अधिकारी यांची वसाहत आहे. शहराचा विस्तार कोणत्या दिशेने झाला आणि त्यात जुन्या संस्थांची माणसे कोठून कोठे गेली, हे पाहण्यासाठी हा भाग सोयीचा आहे. लखनौच्या जुन्या ख्रिस्ती मंडळ्या नदीच्या त्या काठावर, म्हणजे लाल बाग, कैसरबाग आणि हजरतगंज येथे आहेत. त्यांच्यातील कुटुंबे मात्र गेल्या दोन पिढ्यांत मोठ्या संख्येने या काठावर राहायला आली.

मराठी वाचकाला लखनौ आठवते ते बहुधा भातखंड्यांमुळे, कारण १९२६ साली याच शहरात त्यांच्या पुढाकाराने संगीत महाविद्यालय स्थापन झाले. या शहराशी असलेला दुसरा मराठी धागा मात्र विस्मरणात गेला आहे, आणि तो येथील ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासातून जातो. त्या धाग्याच्या आधाराने एका साध्या दिसणाऱ्या प्रश्नाकडे पाहता येते: एखाद्या स्थानिक मंडळीचा पाळक तिच्या पुढील वीस-तीस वर्षांबद्दल कोणती आशा बाळगतो, आणि ती आशा प्रत्यक्षात कशावर उभी असते?

बिशपांची यादी

या प्रश्नाची अडचण समजण्यासाठी मेथडिस्ट चर्चची बदलीची पद्धत आधी समजून घ्यावी लागते. या पंथात पाळकाला मंडळी निवडत नाही; त्याची नेमणूक बिशप करतात. वर्षातून एकदा प्रादेशिक परिषद भरते, म्हणजे त्या विभागातील सर्व दीक्षित पाळक आणि मंडळ्यांचे निवडलेले सामान्य प्रतिनिधी एकत्र बसतात, अहवाल वाचले जातात, हिशेब तपासले जातात, आणि परिषदेच्या शेवटी बिशप उभे राहून कोणता पाळक कोणत्या मंडळीकडे जाणार याची यादी वाचून दाखवतात. नेमणूक तत्त्वतः एका वर्षाची असते. तीच पुन्हा होऊ शकते, पण तिची हमी कोणालाच नसते. बिशप आणि मंडळी यांच्यामधला दुवा म्हणजे जिल्हा अधीक्षक, ज्यांना उत्तर भारतात ‘डी. एस. साहब’ म्हणून ओळखले जाते. पाळकाच्या कामाची आणि मंडळीच्या तक्रारींची पहिली वार्ता त्यांच्याकडेच पोहोचते.

या पद्धतीचा उगम अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये आहे, कारण मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांचे प्रचारक घोड्यावरून गावोगाव फिरत आणि एका जागी रुजणे हे त्यांना आपल्या कामाशी विसंगत वाटे. अमेरिकेत तर पाळकाने एका मंडळीत किती काळ राहावे याची मर्यादाच घालून दिलेली होती: १८०४ मध्ये ती दोन वर्षांची ठरली, १८६४ मध्ये तीन, १८८८ मध्ये पाच, आणि १९०० साली ती काढून टाकण्यात आली. विल्यम बटलर हे पहिले अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी नोव्हेंबर १८५६ मध्ये लखनौला येऊन, तेथे राहण्याची सोय न झाल्यामुळे बरेलीला गेले, आणि १८५७च्या उठावानंतर लखनौत काम पुन्हा सुरू झाले, तेव्हा हीच शिस्त त्यांच्याबरोबर भारतात आली.

या पद्धतीचा फायदा स्पष्ट आहे. श्रीमंत मंडळी चांगला वक्ता स्वतःकडे अडकवून ठेवू शकत नाही, गरीब खेड्यालाही दीक्षित पाळक मिळतो, आणि एका कुटुंबाच्या किंवा गटाच्या मुठीत पाळक सापडला तर त्याची सुटका होऊ शकते. पण तिची किंमतही तितकीच स्पष्ट आहे. नवा पाळक पाळकगृहात सामान लावतो, घरोघर जाऊन माणसे ओळखून घेतो, कोणत्या दोन घरांत बोलणे बंद आहे आणि कोणत्या आजारी वृद्धेला दर महिन्याला घरी प्रभुभोजन न्यावे लागते हे शिकतो, आणि हे सारे अंगवळणी पडते न पडते तोच यादीत त्याचे नाव दुसऱ्या गावापुढे वाचले जाते. अशा माणसाने दीर्घकालीन आशा धरायची तर ती स्वतःच्या कारकिर्दीवर धरता येत नाही; ती मागे राहणाऱ्या माणसांवरच धरावी लागते. लखनौच्या इतिहासात ही गोष्ट वारंवार सिद्ध झालेली आहे.

लाल बागेतील दोन पाळक

लाल बाग येथील मेथडिस्ट चर्च याचे उत्तम उदाहरण आहे. १९०७ साली अमेरिकेतून आलेले ई. स्टॅन्ले जोन्स हे तेथील इंग्रजी भाषक मंडळीचे पाळक झाले आणि काही वर्षांतच सीतापूरला गेले. १९१० साली भारतात आलेले जे. वास्कम पिकेट यांनी त्यांच्यानंतर तीच जागा सांभाळली. दोघेही पुढे जगभर नावाजले गेले. जोन्स यांचे भारतीय वाटेवरील ख्रिस्ताविषयीचे १९२५ मधील पुस्तक अनेक भाषांत गेले, १९३० मध्ये त्यांनी नैनितालजवळ सातताल येथे आश्रम स्थापला, आणि १९५० मध्ये त्यांच्याच पुढाकाराने लखनौत ‘नूर मंझिल’ हे मनोरुग्णालय उघडले. जोन्स यांची प्रकृती सुरुवातीच्या वर्षांत पूर्ण खचली होती आणि लाल बागेच्या चर्चमध्ये प्रार्थना करताना ती सावरली, असे ते स्वतः सांगत. आजही ते चर्च अनेकांना त्या प्रसंगासाठी माहीत आहे.

पिकेट यांचे काम तितके हृद्य नाही, पण स्थानिक मंडळीच्या दृष्टीने ते अधिक मोलाचे मानले पाहिजे. उत्तर प्रदेशात आणि अन्यत्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दलित जातींची कुटुंबेच्या कुटुंबे, कधी संपूर्ण वस्त्या, एकत्रितपणे ख्रिस्ती झाली. अशा सामूहिक धर्मांतरांचा त्यांनी प्रत्यक्ष गावांत माहिती गोळा करून अभ्यास केला आणि तो १९३३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातला एक निष्कर्ष प्रत्येक पाळकाने लक्षात ठेवावा असा आहे. माणसे कोणत्या हेतूने चर्चमध्ये आली यापेक्षा, आल्यानंतर त्यांना किती नियमित शिक्षण, उपासना आणि सोबत मिळाली, यावर त्या मंडळीची नंतरची ताकद अवलंबून असते, असे त्यांना आढळले. म्हणजे मंडळीचे भवितव्य बाप्तिस्म्याच्या दिवशी ठरत नाही. ते त्यानंतरच्या शेकडो साध्या रविवारांत ठरते, आणि त्या रविवारांपैकी फार थोड्या रविवारी एकच पाळक वेदीजवळ उभा असतो.

नगरचा मार्ग आणि लखनौचा मार्ग

महाराष्ट्रात हाच प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवण्याचा प्रयत्न झाला. अमेरिकन मराठी मिशनचे लोक काँग्रिगेशनल परंपरेचे होते, म्हणजे त्यांच्या मते प्रत्येक स्थानिक मंडळी स्वयंपूर्ण असते आणि आपला पाळक तीच निवडते. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे १८५४ मध्ये हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा देण्यात आली, आणि मिशनऱ्यांच्या हाताखाली शिक्षक वा उपदेशक म्हणून राबणारी मराठी माणसे प्रथमच मंडळीचे जबाबदार पाळक बनली. त्या काळात अमेरिकेतील रूफस अँडरसन आणि इंग्लंडमधील हेन्री वेन हे दोन मिशन-चिटणीस एकच विचार मांडत होते: परदेशी मिशनचे यश त्याच्या शाळा-दवाखान्यांवरून न मोजता, मागे उभी राहणारी मंडळी स्वतःचा कारभार स्वतः चालवते का, स्वतःचा खर्च स्वतः उचलते का आणि स्वतःचा प्रसार स्वतः करते का, यावरून मोजावे. पुढे कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभारण्याचा जो प्रयत्न केला, त्यामागेही ही मंडळी या मातीची व्हावी ही तळमळ होती.

लखनौचा मेथडिस्ट मार्ग मात्र साखळीचा होता. मंडळी एकटी नसते, ती परिषदेचा एक दुवा असते. तरीही या दोन मार्गांची गाठ एकदा पडली, आणि तीही लखनौ व मुंबई यांच्या दरम्यान. जेम्स थोबर्न, म्हणजे इसाबेला यांचे भाऊ, यांच्या निमंत्रणावरून १८७०च्या अखेरीस विल्यम टेलर हे प्रचारक लखनौत आले, आणि पुढच्या वर्षी मुंबईला पोहोचल्यावर त्यांनी मेथडिस्ट मंडळ्या अशा अटीवर स्थापन केल्या की, त्यांच्या पाळकांचा निर्वाह अमेरिकेच्या पैशावर न होता त्या त्या ठिकाणच्या सभासदांच्या वर्गणीवर व्हावा. त्यांना साथ मिळाली ती जॉर्ज बोवेन यांची, ज्यांनी अमेरिकन बोर्डाचे, म्हणजे अमेरिकन मराठी मिशनच्या मातृसंस्थेचे, मिशनरी म्हणून १८४८ मध्ये मुंबईत आल्यानंतर थोड्याच काळात पगार नाकारला होता आणि जे भारतीय वस्तीतल्या साध्या घरात राहत. टेलर यांच्या मंडळ्यांत बहुसंख्य सभासद इंग्रजी बोलणारे होते, ज्यांना वर्गणी देणे परवडत होते. दलित वस्तीतील मंडळीला तोच नियम लावणे सोपे नव्हते. स्वावलंबनाचे तत्त्व उदात्त असले तरी ते भूक आणि मजुरी यांच्याशी जोडल्याशिवाय बोलता येत नाही, हे त्या काळातही उघड झाले होते.

चितांबरांचा वारसा

येथे तो मराठी धागा हाती लागतो. मूळच्या मराठी ब्राह्मण कुटुंबातील, ख्रिस्ती झालेल्या घरात १८७९ साली अलाहाबादेत जन्मलेले जशवंतराव चितांबर हे लखनौ ख्रिश्चन कॉलेजचे पहिले भारतीय प्राचार्य झाले, आणि १९३०-३१च्या हिवाळ्यात दक्षिण आशियाच्या मध्यवर्ती परिषदेने त्यांची मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चचे पहिले भारतीय बिशप म्हणून निवड केली. अँग्लिकन चर्चमध्ये व्ही. एस. अझराया १९१२ मध्येच बिशप झाले होते. मेथडिस्टांना आणखी जवळजवळ वीस वर्षे लागली. चितांबरांची निवड ही एका व्यक्तीची बढती नव्हती. इतकी वर्षे बदल्यांची यादी परदेशी माणूस वाचत होता, ती आता भारतीय माणूस वाचू लागला, आणि त्यामुळे कोणत्या मंडळीला काय हवे आहे हे ठरवण्याची जबाबदारीही हळूहळू येथल्या माणसांवर आली. १९४० मध्ये त्यांचे निधन झाले. ७ जानेवारी १९८१ रोजी मेथडिस्ट चर्च इन इंडिया ही स्वायत्त संस्था झाली, तेव्हा त्या प्रक्रियेचा एक टप्पा पूर्ण झाला. त्याआधी, २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अनेक पंथ एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले होते, पण हे मेथडिस्ट चर्च शेवटच्या क्षणी त्यातून बाहेर राहिले. त्यामुळे लखनौत आजही दोन प्रोटेस्टंट व्यवस्था शेजारीशेजारी चालतात, आणि त्यांच्या जोडीला कॅथलिक धर्मप्रांत आहे, ज्याचे हजरतगंजमधील सेंट जोसेफ कॅथेड्रल नाताळच्या रात्री सर्व धर्मांच्या लोकांनी भरून जाते.

रजिस्टर, पेटी, जमीन

मंडळीचा वास्तविक कारभार मात्र अशा तारखांपेक्षा लहान गोष्टींवर चालतो. पाळकाच्या जोडीला सामान्य सभासदांची समिती असते. तीत खजिनदार, रविवारच्या शाळेचे प्रमुख, महिला मंडळाची प्रतिनिधी, तरुणांची प्रतिनिधी आणि स्टुअर्ड, म्हणजे दैनंदिन कारभार पाहणारे कारभारी, असतात. रविवारचे दान मोजणे हे त्यांचे काम. पाळकाने एकट्याने पैशाला हात लावू नये ही शिस्त जेथे पाळली जाते, तेथे पाळक बदलला तरी विश्वास बदलत नाही. दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, देण्याची शिकवण सर्वत्र दिली जाते, पण रोजंदारीवर जगणाऱ्या घराला ती महिन्याच्या आकड्यात न सांगता पिकाच्या किंवा मजुरीच्या वेळेनुसार सांगावी लागते. मिझोरमच्या स्त्रिया १९१० पासून स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात आणि त्यातून मोठमोठी कामे उभी राहतात, याचा दाखला अनेकदा दिला जातो. पण मिझोरममध्ये जवळजवळ सारे गावच ख्रिस्ती असते, तर उत्तर प्रदेशात २०११च्या जनगणनेनुसार ख्रिस्ती लोकसंख्या ३,५६,४४८, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ०.१८ टक्के होती. इतक्या विरळ मंडळीला पैशापेक्षा आधी एकमेकांची माहिती लागते.

ती माहिती रजिस्टरांत असते. बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह आणि दफन यांच्या नोंदी चर्चमध्ये स्वतंत्र वह्यांत ठेवल्या जातात. विवाहाची नोंद १८७२च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार होते आणि तिची प्रत सरकारी निबंधकाकडे जाते. पासपोर्ट, वारसा, शाळेतला प्रवेश किंवा पेन्शन यांसाठी याच वह्यांतील उतारा मागितला जातो. वही ओल लागून खराब झाली, किंवा जाणाऱ्या पाळकाने ती नव्या पाळकाच्या हाती पानापानाने दिली नाही, तर एका कुटुंबाचा कायदेशीर पुरावाच नाहीसा होतो. म्हणून दूरचा विचार करणारा पाळक जुन्या वह्यांच्या छायाप्रती काढून घेणे आणि समितीतील एखाद्या तरुणाला त्यांचा सांभाळ शिकवणे ही कामे प्रवचनाइतकीच महत्त्वाची मानतो.

जमिनीचा प्रश्न अधिक अवघड आहे. शहराच्या मध्यभागी एकोणिसाव्या शतकात मिळालेल्या जमिनी आज अतोनात महागल्या आहेत. मेथडिस्ट चर्चची मालमत्ता तत्त्वतः केंद्रीय विश्वस्त मंडळाच्या नावे असते, स्थानिक मंडळी किंवा पाळक यांच्या नावे नसते. त्यामुळे कोणी एक माणूस ती विकू शकत नाही, पण दुरुस्तीसाठी किंवा कुंपणासाठीही दूरच्या कार्यालयाची वाट पाहावी लागते. या व्यवस्थेला कंटाळून मंडळीने जमिनीच्या वादांत आपली सारी शक्ती घालवली, तर रविवारची शाळा ओस पडायला वेळ लागत नाही.

तीन लिप्यांची मंडळी

लखनौच्या मंडळीतील भाषा हा स्वतंत्र विषय ठरावा इतका रंजक आहे. येथे मंडळीला ‘कलीसिया’ आणि ख्रिस्ती माणसाला ‘मसीही’ म्हणतात, पाळक हे ‘पादरी साहब’ असतात. जुन्या पिढीतील बरेच सभासद बायबल उर्दू लिपीत वाचत आले. मधल्या पिढीने ते देवनागरीत वाचले. त्यांची नातवंडे इंग्रजी शाळांत शिकतात आणि मोबाइलवर इंग्रजी बायबल उघडतात. गीतांचेही तसेच आहे: गझलेच्या चालीवर बेतलेली जुनी उर्दू-हिंदी गीते, भजनांच्या धर्तीची हिंदी गीते, आणि गिटार-कीबोर्डवर गायली जाणारी नवी गीते एकाच उपासनेत जागा मागतात. टिळकांनी मराठी मंडळीला अभंग आणि ओवी यांच्या चालीवर गीते दिली, तसे एकच व्यक्तिमत्त्व लखनौच्या मंडळीला लाभले नाही, पण तिची गझल ही तितकीच देशी आणि तितकीच मोलाची ठेव आहे. ती टिकवायची तर तरुणांना ती गाण्यापुरती न देता शब्दांचे अर्थ सांगून द्यावी लागते, आणि ते काम पाळकापेक्षा एखादी आजी अधिक चांगले करू शकते.

मंडळीतील सामाजिक अंतर मात्र चालींइतक्या सहजपणे मिटत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा सुरुवातीला फक्त हिंदूंना मिळाला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध दलितांना तो मिळाला, पण ख्रिस्ती दलितांना आजही मिळत नाही. सामूहिक धर्मांतराच्या काळात आलेल्या कुटुंबांची नातवंडे-पतवंडे शहरातील चर्चमध्ये येतात, तेव्हा काहींच्या पुढच्या बाकांवर प्राध्यापक आणि अधिकारी असतात, तर त्यांचे स्वतःचे शिक्षण शिष्यवृत्तीअभावी अर्धवट सुटलेले असते. हे अंतर मान्य करून त्यावर काम करणारा पाळक मंडळीला एक करतो. ते नाकारणारा तिला आतून दुभंगलेली ठेवतो.

कायद्याच्या चौकटीत

या साऱ्यावर अलीकडच्या काळात एक नवी चिंता आलेली आहे. उत्तर प्रदेश बेकायदा धर्मांतर प्रतिबंधक कायदा २०२१ मध्ये झाला. त्यानुसार धर्म बदलू इच्छिणाऱ्याने साठ दिवस आधी आणि धर्मांतराचा विधी करणाऱ्याने एक महिना आधी जिल्हादंडाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. २०२४ च्या दुरुस्तीने शिक्षा वाढवली आणि तक्रार करण्याचा अधिकार कोणत्याही व्यक्तीला दिला. घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेबद्दल शेजारच्याने केलेली एक तक्रार पाळकाला पोलीस ठाण्यापर्यंत नेऊ शकते, आणि आधीपासून ख्रिस्ती असलेल्या कुटुंबालाही आपण ख्रिस्ती असल्याचे कागद दाखवावे लागतात. अशा वेळी ती जुनी रजिस्टरे केवळ इतिहास राहत नाहीत. मंडळीची आशा इतरांना आपल्याकडे ओढण्यावर आधारलेली नसून आपल्या मुलांना आपला विश्वास समजावून देण्यावर आधारलेली आहे, असे म्हणणाऱ्या पाळकाची भूमिका येथे भित्रेपणाची नसून विवेकाची आहे. राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने दिलेले स्वातंत्र्य प्रत्यक्ष वापरायचे तर त्याला शिस्तीची आणि शेजारधर्माची जोड द्यावी लागते.

महानगरातील घरे

आता पुन्हा गोमतीच्या या काठाकडे. लाल बागेच्या उपासनेला महानगर, अलीगंज किंवा इंदिरानगरहून येणाऱ्या कुटुंबाला रविवारी वृद्धांना घेऊन नदी ओलांडावी लागते. मेट्रोने अंतर कमी केले असले तरी स्थानकापासून चर्चपर्यंतचा रस्ता आणि जिने यांचा विचार केला, तर गुडघेदुखीच्या माणसाला ते सोपे नसते. म्हणून नदीच्या या बाजूला घराघरांतून आठवड्यातून एकदा संध्याकाळी भरणाऱ्या प्रार्थनासभांचा मार्ग योग्य ठरतो. त्याला जुना आधारही आहे: १७४२ मध्ये ब्रिस्टल येथे, चर्चच्या इमारतीवरील कर्ज फेडण्यासाठी दर आठवड्याला एक पेनी गोळा करण्याच्या निमित्ताने, वेस्ली यांच्या अनुयायांनी बारा-बारा जणांचे गट पाडले आणि प्रत्येक गटाला एक प्रमुख नेमला; पैशासाठी सुरू झालेल्या त्या भेटींत आजारी कोण, अडचणीत कोण, दारूकडे पुन्हा कोण वळला हे कळू लागले, आणि ‘क्लास’ हाच पुढे मेथडिस्ट मंडळीचा पाया ठरला.

महानगरसारख्या वसाहतीत असा गट चालवायचा तर काही गोष्टी ठरवून घ्याव्या लागतात. गटप्रमुख पाळक असू नये. तो त्या वस्तीत राहणारा, पुढील दहा वर्षे तेथेच असण्याची शक्यता असलेला सामान्य सभासद असावा, आणि शक्यतो स्त्री असावी, कारण आजारी माणसापर्यंत, सुनेपर्यंत आणि शाळकरी मुलीपर्यंत तिची पोच पाळकापेक्षा अधिक असते. तिला बायबल शिकवण्याचे, प्रार्थना चालवण्याचे आणि कोणती गोष्ट गुप्त ठेवायची हे ओळखण्याचे प्रशिक्षण मिळावे. मुलांची रविवारची शाळा त्याच वस्तीतील एखाद्या घरी भरावी, आणि महिन्यातून एका रविवारी सगळे गट लाल बागेत एकत्र यावेत, म्हणजे घरचा गट हाच संपूर्ण चर्च आहे असा समज होत नाही. आवाज, गर्दी आणि गाड्या लावण्याची जागा यांबाबत शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवावे, हे वाचायला क्षुल्लक वाटते, पण आजच्या परिस्थितीत तेच गटाला टिकवते.

पाच-सहा कुटुंबांचा असा गट काही वर्षांनी वीस-पंचवीस कुटुंबांचा झाला की प्रादेशिक परिषदेकडे स्वतंत्र नेमणुकीची मागणी करता येते. तेव्हा बिशपांच्या यादीत गोमतीच्या या काठावरील मंडळीचे नाव येऊ शकते आणि तिच्याकडे एखादा तरुण पाळक पाठवला जाऊ शकतो. त्या पाळकाच्या निर्वाहाचा काही भाग त्या कुटुंबांनी आधीपासून बाजूला काढून ठेवलेला असावा लागतो, आणि त्याची खोली, पंखा व पाणी यांची सोय गटप्रमुखाने पाहिलेली असावी लागते, कारण तो येईल तेव्हा त्याला या वस्तीतील एकही माणूस ओळखत नसेल.